एका दिवसाचा पाहुणा आणि गावची शाळा

मार्गशीर्ष लागला, रब्बीचे पेरे उरकले आणि रस्ते कोरडे झाले, म्हणजे खेड्यापाड्यांत पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कोणी परदेशचा प्रवासी असतो, कोणी शहरातील देणगीदार मंडळाचा सभासद असतो, कोणी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसह निघालेला अध्यापक असतो, तर कोणी केवळ ग्रामजीवन पाहण्याच्या हौसेने आलेला गृहस्थ असतो. या सर्वांचा कार्यक्रम बहुधा एकाच ठशाचा असतो. सकाळी शाळा, दुपारी शेत, सायंकाळी पारावर गावकऱ्यांशी बातचीत, आणि दिवेलागणीस परत. असे पाहुणे येतात याविषयी आमची मुळीच तक्रार नाही. आल्यागेल्याचे स्वागत करणे हा शेतकऱ्याचा कुळधर्मच आहे. परंतु या एका दिवसात पाहुण्यास काय दिसते, काय दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची जबाबदारी कोणाकडे येते, याचा विचार जमीनधारक शेतकऱ्यांनी अवश्य केला पाहिजे. पाहुणा संध्याकाळी जातो. शाळा गावातच राहते.

प्रथम त्या दिवसाचे चित्र पाहू. दहाच्या सुमारास मोटार शाळेपुढे थांबते. अंगण झाडून, सडा घालून त्यावर रांगोळी काढलेली असते. मुले दोन रांगांत उभी असतात. लेझीम होते, स्वागतगीत होते, फेटा बांधून नारळ हाती दिला जातो. पाहुणा वर्गात जातो, तेव्हा पुढच्या बाकावरची चुणचुणीत मुलगी कविता म्हणते आणि सर्व वर्ग एका सुरात पाढे म्हणून दाखवितो. वह्या-पेन्सिली वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात. मुलांबरोबर पाहुणाही खिचडीचे चार घास खातो. पुढे कोणा बागायतदाराच्या शेतावर हुरड्याचा बेत होतो, आणि उन्हे उतरल्यावर पारावर चहा होऊन ‘आपले गाव फार चांगले आहे’ असे बोलून पाहुणा निरोप घेतो.

यात खोटे असे काहीच नसते. मुलांचा आनंद खरा असतो, शिक्षकांनी केलेली तयारीही खरी असते. कपाटावर धूळ खात पडलेला पृथ्वीचा गोल त्या दिवशी खाली उतरतो, आणि इतक्या दूरच्या देशातून मनुष्य आपल्या वर्गात आला, या कौतुकाने एखाद्या मुलास भूगोलाची गोडी लागते. हा लाभ लहान नव्हे. मात्र ज्यास आपण गावाची ओळख म्हणतो ती यातून होत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पाहणी आणि मोजणी यांत किती अंतर पडते, याचा एक जुना दाखला या प्रसंगी स्मरण करण्याजोगा आहे. १८२१ साली मुंबई गव्हर्नरच्या कौन्सिलाचे एक सभासद प्रेंडरगास्ट यांनी असे लिहून ठेवले की, आपल्या मुलखात ज्यात एकही शाळा नाही असे गाव क्वचितच सापडेल. हे मत पुढे पुष्कळांनी उचलून धरले. परंतु १८२९ च्या सुमारास इलाख्यातील शाळांची गणती झाली तेव्हा सुमारे १,७०० शाळा व ३५ हजार विद्यार्थी भरले, आणि लोकवस्ती तर ४६ लाखांच्या वर होती. म्हणजे सव्वाशेहून अधिक माणसांमागे एक विद्यार्थी! त्यांतही कुणब्याची मुले थोडी, आणि मुली जवळजवळ नाहीतच. प्रेंडरगास्ट यांनी शाळा पाहिल्या हे खरे. पण शाळेत नसलेली मुले त्यांना दिसणे शक्य नव्हते. आजच्या एका दिवसाच्या पाहुण्याची स्थिती याहून निराळी नाही.

आता त्यास काय दिसत नाही, ते क्रमाने पाहू. पहिली गोष्ट शिक्षकांची. २००९ चा बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात पहिली ते पाचवीच्या शाळेस साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असे प्रमाण आहे. लहान गावच्या शाळेत त्यामुळे एकेक गुरुजी दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळतात. एका इयत्तेस गणित घालून द्यावे, दुसरीस वाचावयास लावावे, आणि तिसरीकडे पाठ फिरवून फळ्यावर लिहावे, अशी ही कसरत असते. जनगणना व निवडणूक ही कामे कायद्यानेच शिक्षकांकडे दिलेली आहेत. शिवाय तालुक्याच्या बैठका आहेत, पोषण आहाराचे हिशेब आहेत, आणि नित्य नव्याने मागविल्या जाणाऱ्या माहितीचे तक्ते आहेत. पाहुण्याच्या दिवशी दोन्ही गुरुजी हजर असतात. ज्या दिवशी त्यांपैकी एकच असतो, त्या दिवशी गावात पाहुणा नसतो.

दुसरी गोष्ट वाचनाची. एका सुरात पाढे म्हणणाऱ्या वर्गात कोणास येते व कोण नुसते ओठ हलविते, हे पाहुण्यास कळावयाचे नाही. ‘प्रथम’ या संस्थेकडून ग्रामीण भारतातील घरोघरी जाऊन मुलांच्या वाचनाची व गणिताची पाहणी होत असते. तीत पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली शंभरांत सुमारे ५० होती. महामारीत शाळा बंद पडल्यानंतर २०२२ साली ती सुमारे ४३ वर आली, आणि २०२४ साली पुन्हा सुमारे ४९ झाली. म्हणजे पाच वर्षे शाळेत घालवूनही निम्म्या मुलांस दुसरीचे वाचन येत नाही. ही गोष्ट शेतकऱ्यास परकी नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा व हिरवा असे त्रिकोण विषाच्या तीव्रतेनुसार छापलेले असतात, आणि औषध किती पाण्यात घालावे, फवारताना कोणती काळजी घ्यावी, हे तेथेच लिहिलेले असते. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. त्याची कारणे अनेक होती, आणि सर्व दोष अक्षरओळखीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तथापि विषाच्या डब्यावरील सूचना ज्यास वाचता येत नाही, त्याचे एक संरक्षण आधीच गेलेले असते, हे कोणीही मान्य करील.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. ती रिकाम्या बाकांची होय. पाहुण्यांचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे बीड जिल्ह्यातून व भोवतालच्या कोरडवाहू तालुक्यांतून निघतात, ती चैत्राच्या सुमारास परततात. नवरा-बायकोचे मिळून एक कोयते मोजले जाते. मुलांस मागे ठेवण्यास घरी म्हातारे माणूस असेल व गावात हंगामी वसतिगृहाची सोय झालेली असेल, तर मूल शाळेत टिकते; नाही तर तेही गाडीत बसते. अशा गावच्या शाळेत पाहुणा गेला तर त्यास पट एक दिसेल आणि बाकांवरील मुले दुसरी दिसतील. आणि बागायती मुलखातील शाळेत गेला तर त्यास काहीच उणे दिसणार नाही. कारण ती मुले येथील पटावर मुळी नाहीतच. शाळेपासून अर्ध्या कोसावर फडाच्या कडेला ज्या कोप्या उभ्या आहेत, तेथे आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावास कडेवर घेऊन चूल राखीत असते आणि तिचा भाऊ वाढ्यांच्या मोळ्या बांधीत असतो. त्याच शेताच्या बांधावरून पाहुणा हुरड्याला जातो.

येथे काही वाचक म्हणतील की, ऊसतोडीचा करार मुकादम आणि कारखाना यांच्यामधला. त्यात शेतमालकाचा काय संबंध? कागदावर पाहता हे बरोबर आहे. पण ऊस आपला, फड आपला, कोप्या उभ्या राहतात ती जागाही पुष्कळदा आपली. टोळी वेळेवर यावी म्हणून बागायतदार चिटबॉयच्या व मुकादमाच्या किती विनवण्या करतो, हे आम्ही सांगावयास नको. जो टोळीच्या येण्याची इतकी काळजी करतो, त्याने टोळीबरोबर आलेल्या मुलांची एक दिवस चौकशी केली तर त्याच्या मोठेपणास बाध येणार नाही. कायदाही याबाबतीत मुलाच्या बाजूने आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे त्याने स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरविले आहे. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नाही, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलास त्याच्या वयाच्या इयत्तेत बसविले पाहिजे असेही त्यात आहे. गाव सोडताना मूळच्या शाळेकडून मुलास शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. एवढे सर्व असूनही मूल फडातच राहते, कारण त्याचा बाप पहाटे चारला कोयता घेऊन निघतो व रात्री थकून येतो. शाळा कोठे आहे, कोणास भेटावे, हे त्यास परमुलखात माहीत नसते. ज्यास माहीत असते तो शेतमालक होय.

चौथी गोष्ट आमच्या काही वाचकांस रुचणार नाही. तथापि ती सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. अलीकडे बागायतदारांच्या, नोकरदारांच्या आणि गावातील पुढाऱ्यांच्या घरची मुले सकाळी मोटारीत बसून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. आपल्या मुलासाठी उत्तम ते निवडण्याचा प्रत्येक बापास अधिकार आहे. त्यावर आमचे काही म्हणणे नाही. परंतु याचा परिणाम काय होतो तो पाहा. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ज्याचे मूल त्या शाळेत नाही, त्याची पालक म्हणून असलेली जागा गेली. ज्यांना अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्यांपुढे बोलता येते, हिशेब तपासता येतो, अशी माणसे शाळेपासून दूर झाली. आणि ज्यांची रोजंदारी बुडाल्याशिवाय सभेस येणे होत नाही, अशा आईबापांवर कारभाराचा भार पडला. पट घटला की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की उरलेल्यांतील ऐपतदार आपली मुले काढून घेतात, आणि अखेर शाळाच जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याची गोष्ट निघते. कमी पटाच्या शाळांविषयी असा निर्णय २०१७ साली महाराष्ट्रात झाला, तेव्हा गावोगाव केवढा गलबला उडाला हे वाचकांच्या स्मरणात असेल. गलबला योग्यच होता. परंतु शाळा बंद होण्याची सुरुवात कचेरीत नव्हे, तर गावातच, पहिली मोटार निघाली त्या सकाळी होते.

पारावरची बातचीत ही या दिवसाची शेवटची गोष्ट. तेथे कोण बसलेले असतात? बहुधा जमीनधारक आणि बहुधा पुरुष. वस्तीवरचा मजूर लांब उभा असतो, स्त्रिया चहा करून देतात. पाहुण्यास गावाविषयी जे कळते ते या दहा-पाच मुखांतून कळते. म्हणजे गावाची साक्ष देण्याचा मान आपल्या वर्गाकडे आहे. हा मान घेतला तर साक्ष पूर्ण द्यावी लागते. पाण्याची टंचाई, भावाची घसरण आणि विजेची अडचण आपण सांगतो, ती सांगावीच. पण फडातील मुले किती, चौथीत वाचता न येणारी किती, हेही त्याच बैठकीत सांगता आले पाहिजे. ते सांगता यावयाचे तर आधी आपणांस ठाऊक पाहिजे.

‘शाळा हे सरकारचे काम आहे’ असे म्हणणारांस एका इतिहासाची आठवण द्यावीशी वाटते. मुंबई इलाख्यातील खेड्यांच्या शाळा मुख्यतः १८६० नंतरच्या दशकात वाढल्या, त्या शेतकऱ्याच्या सारावर बसविलेल्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाच्या बळावर. त्या फंडाचा एक तृतीयांश शिक्षणाकडे जात असे. तरीही रयतेच्या पैशाचा लाभ रयतेच्या मुलांस मिळत नाही, हे गाऱ्हाणे १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी मांडले. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षणक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान घालावे, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतले, नांगर धरण्यास न लाजणारे असावेत, अशी त्यांची मागणी होती. पुढे १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती शेतकऱ्यांच्या धान्याच्या मुठींवर व मुलांच्या श्रमावर उभी राहिली. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या तेव्हा गावच्या शाळा त्यांच्याकडे आल्या. या सर्व इतिहासात शाळा ही कोणी वरून दिलेली देणगी नाही. ती शेतकऱ्याने पैसा व श्रम देऊन मिळविलेली मिळकत आहे, आणि विहिरीप्रमाणे तिचाही गाळ वेळोवेळी काढावा लागतो.

दुसरा एक आक्षेप असा की, मुलगा शिकला म्हणजे शेती सोडतो. यात थोडे तथ्य आहे. परंतु शेतीच मुलांस सोडीत आहे, त्याचे काय? महाराष्ट्रातील सरासरी वहिवाटखाते १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ च्या गणनेत १.३४ हेक्टरवर आले. इतक्या जमिनीवर चार भाऊ पोसले जाणार नाहीत. जो बाहेर जाईल त्यास विद्या लागेल, आणि जो मागे राहील त्यास थोड्या जमिनीत अधिक पिकवावयाचे असल्यामुळे ती अधिकच लागेल.

तेव्हा करावयाचे काय, याविषयी काही सूचना नम्रपणे करतो. पाहुणा यावयाचा असेल तर शाळेचा नेहमीचा दिवस मोडू नये. एक गीत व दोन शब्द पुरेत. पुढे पाठ चालू द्यावा आणि पाहुण्याने मागच्या बाकावर बसून तो ऐकावा. मुलांची परीक्षाच घ्यावयाची तर राजधान्यांची नावे विचारण्यापेक्षा, औषधाच्या डब्यावरची सूचना वाचावयास द्यावी, अथवा सातबारावरील हेक्टर-आरांचे एकर-गुंठे करावयास सांगावेत. भेट द्यावयाची असेल तर ती मुलांच्या हाती गोळ्या-पेन्सिलींच्या रूपाने न देता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीतून पुस्तकांसाठी द्यावी. आणि आईबापांना विचारल्याशिवाय कोणाच्या मुलाचे छायाचित्र काढू नये.

परंतु पाहुण्याच्या एका दिवसापेक्षा गावकऱ्यांचा महिन्यातील एक दिवस अधिक मोलाचा आहे. प्रत्येक गावी दोन शेतकऱ्यांनी पाळीपाळीने महिन्यातून अर्धा दिवस शाळेत जावे. मग स्वतःची मुले तेथे असोत वा नसोत. हजेरीपट पाहावा, कोणत्याही तीन मुलांचे वाचन ऐकावे, गुरुजींची अडचण विचारावी, आणि जे दिसेल ते ग्रामसभेत सांगावे. गुरुजींवर पाळत ठेवणे हा यातील हेतू नसावा. त्यांस एकटे पडू न देणे हा असावा. आणि ज्या गावी ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, तेथे टोळी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात शेतमालकाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची नावे लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावीत. फड शाळेपासून दूर असेल तर सकाळी दूध घालावयास जाणाऱ्या गाडीतून ती मुले नेता येतील. तान्ह्या भावंडामुळे मुलगी अडत असेल तर अंगणवाडीच्या ताईंस कळवावे. यास पैसा थोडा लागतो. लागते ती मुख्यतः दखल.

ऊस तोलताना काट्यावर किलोचा फरक पडला तर आपण भांडतो, आणि भांडावेच. त्याच दक्षतेने एका हंगामात आपल्या फडातून किती मुले शाळेत गेली याचा आकडा प्रत्येक बागायतदाराजवळ असावा. येत्या वर्षअखेर, टोळ्या परत जाण्यापूर्वी, आमच्या सभासदांनी आपापल्या गावचे असे आकडे आमच्याकडे पाठवावेत. ते कमी असले तरी पाठवावेत. गावांची नावे न देता ते या मासिकात छापू, आणि पुढील हंगामात ते वाढले की नाहीत, हेही वाचकांपुढे ठेवू.